मधली चित्रे काढणारा माणूस

ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचे मनोरंजन, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यामुळे साहित्य आणि कला यांची सामाजिक अंगाने चर्चा करणारे आपण या माध्यमाकडे क्वचितच वळतो. परंतु निर्मिती कोणाच्या हातून होते आणि नाव कोणाचे लागते, हा प्रश्न ज्याला महत्त्वाचा वाटतो त्याने ॲनिमेशनचा स्टुडिओ समजून घेतला पाहिजे. मी चित्रकलेचा शिक्षक आहे. टायरस वाँग या चिनी-अमेरिकन चित्रकाराने स्टुडिओसाठी केलेले काम आणि स्वतःहून काढलेली रेखाटने यांतील अंतर मला आपल्या विचाराला उपयोगी वाटते. तेच येथे मांडतो.

प्रथम हे काम कसे चालते ते पाहू. पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी सरकतात. सत्तर मिनिटांचा चित्रपट म्हणजे एक लाखाहून अधिक चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी हजारो चित्रे लागतात. म्हणून काम वाटले जाते. हरीण उडी मारते तेव्हा उडीचा आरंभ, तिचा सर्वांत उंच बिंदू आणि पाय टेकण्याचा क्षण मुख्य ॲनिमेटर काढतो. त्यांच्या मधली सगळी चित्रे काढणाऱ्याला इन-बिट्वीनर म्हणतात. त्यानंतर कोणी ती चित्रे पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने उतरवायची, कोणी रंग भरायचे, कोणी पार्श्वभूमी रंगवायची. 1930 ते 1940 च्या दशकात वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत शाई आणि रंगाचे खाते जवळपास संपूर्णपणे स्त्रियांचे होते. कल्पना आणि रेषा ठरविणारी खाती बहुतांशी गोऱ्या पुरुषांची.

एवढे मोठे काम वाटून घेण्याला कोणाची हरकत असणार नाही. पण बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' (1936) मध्ये श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत केलेला भेद येथे आठवतो. स्टुडिओ म्हणजे जातिव्यवस्था नव्हे. तेथे माणूस नोकरी सोडू शकतो, क्वचित वर चढू शकतो. वंश आणि जात एकच, असेही मी म्हणत नाही. तरीही बाबासाहेबांनी दिलेली कसोटी तेथे लागू पडते. माणूस कोणते काम करतो एवढ्यावर न थांबता, त्याला कोणते काम जमेल हे त्याचा चेहरा पाहून आधीच कोणी ठरविले, हे विचारावे लागते.

वाँग यांचा जन्म 1910 साली चीनच्या ग्वांगडुंग प्रांतात झाला. आई आणि बहीण मागे ठेवून ते 1920 मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेला निघाले. 1882 च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले होते. जे आधीच नागरिक होते त्यांच्या मुलांना मात्र प्रवेश होता. 1906 च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंदणीची कागदपत्रे जळाली, तेव्हा अनेक चिनी माणसे खोट्या नावाने, कागदावरचा मुलगा होऊन, आत शिरली. वाँगही तसेच आले. एंजल बेटावरील छावणीत त्या लहान मुलाला एकट्याला ठेवून घेतले. अधिकारी गावाबद्दल, घराबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारत. पाठ केलेले उत्तर चुकले की परत पाठवणी. म्हणजे जगण्यासाठी या मुलाला आधी स्वतःचे नाव टाकावे लागले. पुढे त्या खोट्या नावाचेच शाळेत 'टायरस' झाले.

कागद आणि शाई परवडत नव्हती. वडील जुन्या वर्तमानपत्रावर पाण्यात बुडविलेल्या कुंचल्याने अक्षरे गिरवून घेत. पुढे लॉस एंजेलिसच्या ओटिस कलासंस्थेत शिष्यवृत्ती मिळाली. शिकता शिकता तेथेच झाडलोटीचे कामही केले. रात्री ग्रंथालयात बसून त्यांनी सुंग राजवंशाच्या काळातील (960 ते 1279) निसर्गचित्रांचा अभ्यास केला. दारिद्र्यातून कला आपोआप उगवते, असे म्हणणाऱ्यांनी हा ग्रंथालयातील अभ्यास विसरू नये.

1938 मध्ये मुलगी झाली, नियमित पगार हवा होता, म्हणून वाँग डिस्नेच्या स्टुडिओत इन-बिट्वीनर म्हणून लागले. ओटिसमध्ये शिकलेला हा चित्रकार दुसऱ्याच्या दोन रेषांमधली रेष काढत बसला. एका सहकाऱ्याने वंशावरून शिवी दिली. दुसऱ्याला तो उपाहारगृहातला नोकर वाटला.

त्याच वेळी 'बॅम्बी' या हरणाच्या पाडसावरील चित्रपटाची तयारी चालू होती, आणि तेथे एक अडचण आली होती. जंगलाचे प्रत्येक पान बारकाईने रंगविल्यामुळे हरीणच त्यात हरवत होते. वाँग यांनी मूळ कादंबरी वाचली आणि कोणी सांगितलेले नसताना पेस्टल आणि जलरंगांत छोटी चित्रे काढली. त्यांत जंगल थोडक्या फटकाऱ्यांत सुचविलेले होते. धुके, उजेडाचा एक पट्टा, आणि त्यात स्पष्ट उभे हरीण. काय काढायचे याइतकाच, काय सोडायचे याचा विचार त्यांत होता. ती चित्रे त्यांनी कला-दिग्दर्शकाला दाखविली. डिस्नेलाही ती आवडली आणि सगळ्या चित्रपटाचे रूप त्यांवरून ठरले.

पुढे काय झाले ते चळवळीतल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. 1941 मध्ये स्टुडिओतील कामगारांनी संप केला. वाँग संपात नव्हते; तरी संपानंतरच्या कटुतेत त्यांनाच काढून टाकण्यात आले. 1942 मध्ये 'बॅम्बी' प्रदर्शित झाला, तेव्हा ज्याने चित्रपटाचे रूप ठरविले त्याचे नाव पार्श्वभूमी रंगविणाऱ्यांच्या यादीत इतरांबरोबर आले. स्टुडिओने चित्रे ठेवली आणि माणूस घालविला. त्यानंतर 1968 पर्यंत त्यांनी वॉर्नर ब्रदर्समध्ये चित्रपटांची प्रसंगरेखाटने केली. प्रेक्षक ती रेखाटने कधी पाहत नाहीत.

आपले कलावादी समीक्षक म्हणतील की, यात पौर्वात्य गूढतेचा विजय झाला. मला ते पटत नाही. वाँग यांची रेखाटने हे एका कामगाराचे, हुकमावाचून केलेले काम होते. नोकरीत त्यांचा फक्त हात मागितला गेला. आपल्याला डोकेही आहे, याचा पुरावा त्यांनी स्वतःच्या कागदावर तयार केला. तो पुरावा उरला म्हणूनच 2001 मध्ये, वयाच्या नव्वदीत, डिस्ने कंपनीला त्यांचा गौरव करावा लागला आणि 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. 2016 मध्ये, 106 व्या वर्षी, ते वारले.

या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. 'बॅम्बी'वर काम केलेले क्लेअर वीक्स 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. तेथे 1957 मध्ये 'द बनियन डिअर' हा पट तयार झाला. तो जातककथेवर आहे: गाभण हरिणीची मरणाची पाळी येते तेव्हा कळपाचा राजा स्वतःची मान पुढे करतो. ज्या वर्षी नागपुरात लाखो लोकांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला, त्याच वर्षी हा विभाग सुरू झाला, हा योगायोगच. पण ज्यांनी तो मार्ग घेतला त्यांच्या मुलांना या माध्यमात आपली कथा सांगता यावी, ही अपेक्षा योगायोगावर सोडून चालणार नाही.

1990 नंतर परदेशी कंपन्यांची मधली चित्रे, रंगकाम, साफसफाईची कामे भारतीय स्टुडिओंकडे मोठ्या प्रमाणावर आली. आपली मुलेमुली या धंद्यात जात आहेत, जावीत. पगार सोडा, असे मी कोणाला सांगणार नाही. मात्र माझ्या वर्गातील मुले वहीच्या मागच्या पानांवर जे काढतात ते मी खोडू देत नाही. त्यावर नाव आणि तारीख घालायला लावतो. शिक्षकांनी एवढे करावे. कार्यकर्त्यांनी कामगाराच्या वेतनाबरोबर त्याच्या नावाचीही मागणी लढ्यात घ्यावी. आणि आपण सर्वांनी चित्रपट संपल्यावर नावांची यादी सरकू लागली की जागेवरून उठू नये. ती शेवटपर्यंत वाचावी, आणि तिच्यात कोण नाही हेही विचारावे.