टक् म्हणते, पण फिरत नाही

कोलाडला कुंडलिकेच्या काठाने रिसॉर्टं झाली, सकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्राचं पाणी सुटलं की मुंबई-पुण्याची पोरं रबरी होड्यांत बसून नदी उतरतात, आणि नदीतून वर आली की त्यांना हवी असते ती चार जाड चाकांची, चिखलातून नि बांधावरून हुंदडणारी एटीव्ही. आता ही गाडी आषाढातल्या एखाद्या ओल्या सकाळी हटकून रुसते. गिऱ्हाईक हेल्मेट घालून तयार, पोरगा सेल्फ मारतो, आणि गाडी म्हणते, टक्. परत मारतो, परत टक्. मग जमतात दहा शहाणे: एक म्हणतो प्लग काढ, दुसरा म्हणतो पेट्रोलात पाणी आहे, तिसरा नुसताच "ढकला रे" म्हणतो. अरे, गाडी एवढं बोलतेय तर तिचं आधी ऐका ना!

ती काहीच बोलत नसेल, तर गोष्ट बहुधा साधी असते. इंजिन बंद करायचं लाल बटण बंदवर राहिलेलं, गियर न्यूट्रलला नाही, किंवा ब्रेकचा लिव्हर दाबलेला नाही. गाडी अंगावर धावून येऊ नये म्हणून पुष्कळ एटीव्हींत ही कुलपं मुद्दाम घातलेली असतात. तीही बरोबर असली तर फ्यूज बघावा. पण टक् आला, की मात्र खरी मौज सुरू होते.

हँडलवरचं बटण नाजूक, त्यातून थोडीशीच वीज जायची. इंजिन फिरवणाऱ्या मोटरीची भूक मोठी, मोठ्या इंजिनाची असली तर शंभर अँपिअरच्या घरातली. तेवढा लोंढा बटणातून नेला तर बटण जळून जाईल. म्हणून मधे बसवला रिले: तारेचं वेटोळं आणि त्यात लोखंडी दांडा. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने 1820 साली तारेतून वीज सोडली तेव्हा शेजारच्या होकायंत्राची सुई हलली, आणि तारेत चुंबक लपलाय हे जगाला कळलं. तोच चुंबक बटण दाबताच जागा होतो, दांडा ओढतो, जाड टोकं जुळतात, आणि जुळल्याचा आवाज म्हणजे हा आपला टक्.

आता टक् एकच न येता टकटकटकटक अशी झड लागली, तर समजायचं बॅटरी उतरली. कशी, ते ऐका, कारण मला ही गोष्ट सांगताना दर वेळी हसू येतं. थकलेल्या बॅटरीतही दांडा ओढण्यापुरता जीव असतो. दांडा ओढला, टोकं जुळली, मोटरीने तोंड उघडलं, की बॅटरीचे व्होल्ट धाडकन खाली. व्होल्ट पडले की चुंबक निजला, दांडा सुटला, मोटरीची वीज तुटली. ती तुटताच बॅटरी सावरली, चुंबक जागा झाला, दांडा पुन्हा ओढला! सेकंदात कितीतरी वेळा हे भांडण चालतं, आणि बाहेर उभे शहाणे म्हणतात, रिले गेला.

पण कधी मल्टीमीटर लावावा तर 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी, आणि तरी गाडी हलत नाही. इथे भिऱ्याकडे बघा. 1927 पासून तिथे मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून नळांनी उतरून वीज करतंय. उंचीने दाब येतो, तो व्होल्ट. आणि प्रत्यक्ष वाहतं, ते अँपिअर. नळ गाळाने चोंदला, तर तोटी बंद असताना दाब पुरा दिसतो, पण तोटी सोडली की धार करंगळीएवढी. टर्मिनलवर जमलेली निळी-पांढरी भुकटी, चिखलात गंजलेला अर्थिंगचा बोल्ट, हाच तो गाळ. म्हणून मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक, एक-दोन व्होल्ट तिथेच हरवले तर बोल्ट घासा. आणि सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर नवाच्या खाली गेलं, तर बॅटरीचीच तब्येत बघा.

अर्थिंग चोख, बॅटरी तगडी आणि तरी एकच टक्? मग रिलेची टोकं जळली, नाहीतर मोटरीचे कार्बन घासले. गॅरेजवाला स्क्रूड्रायव्हरने रिलेचे दोन जाड खांब जोडून बघतो. ठिणगी उडते, म्हणून पेट्रोल सांडलेलं नाही आणि गाडी न्यूट्रलला आहे हे बघूनच. मोटर फिरली, तर रिले बदला. मोटर गरगर फिरली नि इंजिन जागचं हललं नाही, तर वीज निर्दोष. आतला एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतोय.

एक शेवटचं. 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांना सेल्फ देणाऱ्या केटरिंगने आधी दुकानातल्या पैशाच्या गल्ल्याला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याला उमगलं, की क्षणभरापुरतंच काम असेल तर छोट्या मोटरीकडून तिच्या ताकदीपलीकडचं काढून घेता येतं. म्हणूनच एवढीशी मोटर अख्खं इंजिन फिरवते, आणि म्हणूनच बटणावर अंगठा रोवून बसणाऱ्या पोराच्या हातावर मी चापट मारतो: पाच सेकंद मारायचा, मग हात काढायचा, तिला गार होऊ द्यायचं, नाहीतर सकाळी बॅटरी उतरली म्हणून आलेला दुपारी जळकी मोटर घेऊन येतो.