टेल्मिसार्टानमधली दोन कडी

लेटरकेनीला मुलांकडे राहायला येणाऱ्या आईबाबांच्या बॅगेत मेतकुटाशेजारी 'टेल्मा'ची पाकिटं असतात. मुक्काम लांबला आणि गोळ्या संपल्या, तर ते भारतातलं नाव इथल्या फार्मसीत सांगून उपयोग नाही. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं 'टेल्मिसार्टान' हे औषधाचं खरं नाव दाखवा. युरोपात तेच 'मिकार्डिस' म्हणूनही मिळतं. (डॉक्टरांची चिठ्ठी लागेलच.)

या रेणूत बेंझिनची दोन कडी एका बंधाने थेट जोडलेली आहेत. लोसार्टान, व्हल्सार्टान यांतही हीच जोडी आहे. एकच तर बंध, पण तो घडवणं फार काळ जड गेलं. एरवी कार्बनवरचा ब्रोमिन हटवायला दुसरा रेणू मागून धडक देतो. बेंझिनच्या कड्यावर ब्रोमिनच्या नेमकं मागे कडंच आडवं येतं. वाट बंद!

जिनिव्हात फ्रिट्झ उलमान यांनी १९०१ मध्ये तांब्याची पूड वापरून कडी जोडली. त्यासाठी बहुधा २०० अंशांच्या आसपास तापवावं लागे. शिवाय दोन वेगळी कडी घेतली, की क-क, ख-ख आणि क-ख अशी खिचडी हाती येई.

ही खिचडी टाळली होक्काइडो विद्यापीठाच्या अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी. १९७९ मध्ये त्यांची मूळ पद्धत आली आणि १९८१ मध्ये त्यांनी तिने दोन बेंझिन कडी जोडली. एका कड्यावर ब्रोमिन, दुसऱ्यावर बोरॉन आणि मध्यस्थ पॅलेडियम. पॅलेडियमचा अणू आधी कार्बन आणि ब्रोमिनच्या मध्ये शिरतो. मग, सोबत अल्कली असेल तर, बोरॉन आपलं कडं त्याच्या हवाली करतो. दोन्ही कडी एकाच अणूवर शेजारी आली, की आपसांत जुळून सुटतात आणि मध्यस्थ पुढचं स्थळ बघायला मोकळा! म्हणून चिमूटभर पॅलेडियम पुरतं. यासाठी सुझुकींना २०१० चं नोबेल मिळालं, हेक आणि नेगिशी यांच्यासोबत. मियाउरा राहिले, हे मला आजही खटकतं.

लोसार्टान या पद्धतीने बनवण्याची कृती मर्कच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. सार्टानांचे सगळेच कारखाने पॅलेडियम वापरतात असं मात्र नाही. ते महाग, म्हणून या जोडीसाठी मँगनीजसारख्या स्वस्त धातूंच्या पद्धतीही आहेत. महागाईखेरीज दुसरी अडचण म्हणजे धातू औषधात उरतो. रोज, वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीत हे चालणार नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून जास्त पॅलेडियम पोटात जाता कामा नये; तेवढ्यासाठी जोडणीनंतर शुद्धीकरणाचे वेगळे टप्पे करावे लागतात.