साखरेचे बेट आणि स्वातंत्र्याची किंमत



सकाळच्या चहात आपण चमचाभर साखर टाकतो, ढवळतो आणि कामाला लागतो. ही साखर आली कोठून, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पण या पांढऱ्या दाण्यासाठी एके काळी राज्ये उभी राहिली, लाखो माणसे विकली गेली, आणि याच दाण्यापायी एका लहानशा बेटावर अशी क्रांती झाली की तिने युरोपातल्या बलाढ्य सम्राटाला हात टेकायला लावले. त्या बेटाची गोष्ट आज आपण पाहू.

उसाची साखर करण्याची विद्या मूळची आपल्याच देशातली. संस्कृतातील ‘शर्करा’ इराणात ‘शकर’ झाली, अरबांच्या तोंडी ‘सुक्कर’ झाली आणि फ्रेंचांनी तिला ‘स्यूक्र’ केले. नावाबरोबर ऊसही पश्चिमेकडे चालत गेला. अरबांनी तो भूमध्य समुद्राच्या काठी लावला, पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांनी अटलांटिक महासागरातील बेटांवर नेला, आणि १४९३ साली कोलंबसाने आपल्या दुसऱ्या सफरीत तो अमेरिकेजवळच्या कॅरिबियन बेटांवर पोचवला. त्यातल्या एका मोठ्या बेटाला स्पॅनिश लोक हिस्पॅनिओला म्हणत. तेथील मूळचे ताइनो लोक सक्तीची मजुरी, उपासमार आणि परक्यांनी आणलेले रोग यांनी काही दशकांतच जवळजवळ नाहीसे झाले. १६९७ साली या बेटाचा पश्चिमेकडील तिसरा हिस्सा तहाने फ्रान्सकडे गेला. फ्रेंचांनी त्याला सँ-दोमँग असे नाव दिले. आज आपण त्याला हैती म्हणतो.

हा मुलूख केवढा म्हणाल, तर आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे अकराव्या हिश्श्याएवढा. पण १७८९ च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर एकट्या या तुकड्यातून जात असे आणि कॉफीचा निम्म्याहून अधिक पुरवठाही येथूनच होई. फ्रान्समधील नाँत आणि बोर्दो ही बंदरे या व्यापारावर गबर झाली. तेथल्या व्यापाऱ्यांच्या दगडी हवेल्या आजही उभ्या आहेत.

आता हा व्यापार चाले कसा, ते नीट समजून घ्या. तीन टोकांचा हा फेरा होता. युरोपातून जहाज निघे ते कापड, बंदुका, दारू आणि लोखंडी सामान घेऊन. ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागे. तेथे हा माल देऊन माणसे विकत घेतली जात. हे कापड पुष्कळदा आपल्याकडचे असे, गुजरातचे आणि कोरोमंडल किनाऱ्याचे. मालदीव बेटांवरच्या कवड्याही युरोपमार्गे तेथे पोचत आणि नाण्यासारख्या चालत. म्हणजे पहा, आपल्या देशातल्या कोष्ट्याने विणलेला ताका त्याच्या नकळत माणसाच्या मोलाला लावला जात होता. मग जहाजाच्या पोटात माणसे साखळदंडांनी बांधून अटलांटिक ओलांडायचा, ती बेटांवर विकायची, आणि त्या पैशात साखर, कॉफी, नीळ भरून युरोपला परतायचे. साऱ्या अटलांटिक गुलामव्यापारात सुमारे सव्वा कोट माणसे आफ्रिकेतून जहाजांवर चढवली गेली. त्यांतली पंधरा-वीस लाख वाटेतच मेली.

ही माणसे इतकी का लागत, हे ऊस पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ऊस तोडला की तो थांबत नाही. वेळेवर गाळला नाही, तर रस आंबतो. म्हणून तोडणीच्या हंगामात रात्रंदिवस चरक चालू. आपल्याकडे गुऱ्हाळ लागले की चार दिवस घरचेदारचे सारे राबतात, पण त्यात रसाचा पेला असतो, ताज्या काकवीचा वास असतो, हसणे-बोलणे असते. सँ-दोमँगचे गुऱ्हाळ महिनोन् महिने चाले आणि राबणाऱ्यांच्या पाठीवर चाबूक असे. झोपेने पेंगणाऱ्याचा हात लाटांत सापडला, तर चरक थांबेपर्यंत सारा माणूसच ओढला जाई. म्हणून हात तोडायला धारेचे हत्यार जवळच ठेवीत. उकळत्या कढयांजवळ भाजणे तर रोजचेच. आपले गुळव्ये चुलवाणाशी कसे जपून वागतात ते आठवा, म्हणजे कल्पना येईल.

मळेवाल्यांनी हिशेब केला होता. गुलामाला पोटभर खायला घालून, त्याची मुलेबाळे वाढवण्यापेक्षा त्याला राबवून संपवायचे आणि नवा विकत आणायचा हे स्वस्त पडे. त्यामुळे जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत. १७८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दर साल तीस हजारांवर नवी माणसे या एका वसाहतीत उतरवली जात होती. १६८५ साली चौदाव्या लुईने गुलामांविषयी कायदा केला होता. त्यात मालकाने अन्नवस्त्र द्यावे असे लिहिले होते खरे, पण त्याच कायद्याने माणूस ही जंगम मालमत्ता ठरवली होती. जो मालमत्ता ठरला, त्याची फिर्याद कोण ऐकणार?

१७८९ साली सँ-दोमँगमध्ये सुमारे पाच लाख गुलाम होते आणि गोरे होते तीस हजारांच्या आसपास. जवळजवळ तितकेच स्वतंत्र मिश्रवर्णी व काळे लोक होते. त्यांच्यातल्या काहींजवळ जमिनी होत्या, स्वतःचे गुलामही होते, पण गोऱ्यांच्या बरोबरीचा हक्क मात्र नव्हता.

याच सुमारास जगात नवे वारे वाहू लागले होते. १७७६ साली उत्तर अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडचे राज्य झुगारले. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली, आणि त्या वर्षी २६ ऑगस्टला पॅरिसच्या राष्ट्रसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असा त्याचा गाभा. बातमी जहाजांनी बेटावर आली. मालक जेवायला बसले की याच गोष्टी बोलत. वाढणारे हात गुलामांचे होते, आणि हातांबरोबर कानही होते. प्रश्न सरळ होता. माणसे समान आहेत म्हणता, तर आम्ही माणसे आहोत की नाही?

गोऱ्या मळेवाल्यांना स्वातंत्र्य हवे होते ते फ्रान्सच्या व्यापारी बंधनांतून सुटण्यापुरते, कारण वसाहतीने आपला माल फ्रान्सलाच द्यावा असा नियम होता. स्वतंत्र मिश्रवर्णीयांना समानता हवी होती ती गोऱ्यांशी. त्यांच्यातला व्हँसाँ ओजे १७९० साली हत्यार घेऊन उठला, पण गुलामांच्या मुक्तीची हाक त्याने दिली नाही. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला हालहाल करून मारण्यात आले. ज्याने त्याने समानतेची रेघ आपल्या पायापाशी आखली होती.

ती रेघ पुसली गुलामांनीच. २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेच्या सपाट मैदानात उठाव झाला. बूकमन नावाचा पुढारी त्यात अग्रभागी होता. काही आठवड्यांत शेकडो मळे पेटले. उसाचे फड, चरक, काहिली सारे भस्म झाले. सूडही भयंकर उगवला गेला, दोन्ही बाजूंनी. ते लपवण्यात अर्थ नाही. पण शंभर वर्षे रोज थोडेथोडे सांडणारे रक्त कोणी मोजले नव्हते, आणि हे मात्र साऱ्या जगाने मोजले, एवढे ध्यानात ठेवा.

या धुमाळीतून एक माणूस पुढे आला. त्याचे नाव तुसाँ लुव्हर्त्यूर. तो एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला, गुराढोरांची देखभाल व गाडी हाकण्याचे काम करीत होता आणि उठावापूर्वीच मोकळा झाला होता. त्याला लिहिता-वाचता येई, वनस्पतींची औषधे ठाऊक होती, आणि डोके थंड होते. इंग्लंड आणि स्पेन यांनी ही सोन्याची कोंबडी आपल्याकडे ओढण्यासाठी फौजा पाठवल्या. अडचणीत सापडलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याने ऑगस्ट १७९३ मध्ये उत्तर भागात गुलामगिरी रद्द केली, आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभेने ती सर्व फ्रेंच वसाहतींतून रद्द केली. तोवर स्पेनच्या बाजूने लढणारा तुसाँ मग फ्रान्सकडे वळला. १७९८ साली इंग्रज फौजेला बेट सोडून जावे लागले.

यानंतर तुसाँपुढे जो पेच पडला तो शेतकऱ्याला चटकन कळेल. शत्रू चोहोकडे. लढायला बंदुका हव्यात, बंदुकांना पैसा हवा, पैसा येणार साखर-कॉफी विकून. म्हणून त्याने मोकळ्या झालेल्या लोकांना मजुरीचा वाटा देऊन, पण शिपायांच्या धाकाखाली, पुन्हा त्याच मळ्यांवर जुंपले. लोकांच्या मनात काय होते? आपला स्वतःचा वावर असावा, त्यात घरापुरते कंद, केळी, मका पिकवावा, चार झाडे कॉफीची लावावीत. ‘आम्ही मोकळे झालो, मग हा फड पुन्हा कशाला?’ असे ते विचारीत. जगाच्या बाजाराला हवी ती साखर की घराला हवे ते धान्य, हा झगडा स्वातंत्र्याबरोबरच जन्माला आला.

१८०२ च्या आरंभी नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर याच्या हाताखाली मोठे आरमार पाठवले. मागून आलेल्या कुमकांसह तीस हजारांहून अधिक सैनिक बेटावर उतरले. तुसाँला बोलणी करायला म्हणून बोलावले आणि दग्याने पकडले. आमचे खोड तोडलेत, पण मुळे पुष्कळ आहेत आणि खोल आहेत, अशा अर्थाचे शब्द त्याने जहाजावर चढताना काढले, असे सांगतात. फ्रान्सच्या थंडगार डोंगरी किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी तो मेला. परंतु नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा चालू केल्याची बातमी दुसऱ्या बेटावरून आली, आणि मुळे फुटली. देसालीन हा पूर्वीचा गुलाम सेनापती झाला. पीतज्वराने फ्रेंच फौज पोखरली, लक्लेरही त्यातच गेला. १८ नोव्हेंबर १८०३ च्या व्हेर्त्येरच्या लढाईत फ्रेंचांचा पाडाव झाला. १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाले, आणि मूळ ताइनो लोकांचे डोंगराळ भूमी या अर्थाचे नाव देशाला परत मिळाले ते म्हणजे हैती.

या लहान बेटाच्या लाटा फार दूर गेल्या. बेट हातचे जाऊ लागल्यावर नेपोलियनला अमेरिकेतला लुइझियाना मुलूख निरुपयोगी वाटला आणि तो त्याने १८०३ साली दीड कोट डॉलरला संयुक्त संस्थानांना विकला. साखर तुटली म्हणून युरोपात बीटपासून साखर काढण्याला जोर आला. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता बोलिव्हार परागंदा होऊन आला, तेव्हा हैतीच्या पेत्याँने त्याला शस्त्रे दिली. अट एकच घातली, तुझ्या मुलखातले गुलाम मोकळे कर.

पण विजयाची पावती लगेच आली. १८२५ साली फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून सांगितले की, मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून १५ कोट फ्रँक टाका. पुढे १८३८ साली ही रक्कम ९ कोटींवर आणली. नुकसान कशाचे? जमिनीचे, आणि सुटून गेलेल्या गुलामांचे! ज्यांना विकले त्यांनीच आपली किंमत मालकाला भरायची. हप्ते भरायला हैतीने फ्रान्सच्याच सावकारांकडून कर्ज काढले, ते फेडायला आणखी कर्ज. आपल्याकडे सावकाराच्या वहीत बाप अंगठा देई आणि नातू फेडीत बसे, तशीच ही गत. या कर्जाची साखळी संपली १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी. कॉफीवरच्या जकातीतून तो पैसा जाई, म्हणजे डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याच्या खिशातून. शाळा, रस्ते, दवाखाने मागे राहिले, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आणि ही गोष्ट आपल्या दारापर्यंतही येते. इंग्लंडने १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. भरपाई दिली दोन कोट पौंड, तीही मालकांनाच. मग उसाच्या फडात राबायचे कोणी? १८३४ पासून मॉरिशसला करारबंद मजूर जाऊ लागले ते हिंदुस्थानातून. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात. इकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. सातासमुद्रापलीकडची बेडी आणि आपल्या गावातली बेडी एकाच लोखंडाची आहे, हे त्यांनी ओळखले होते.

गुरुजींनो, वर्गात जगाचा नकाशा टांगाल तेव्हा नाँत, आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि हैती या तीन ठिकाणांना दोऱ्याने जोडून दाखवा. मग एक दोरा गुजरातकडे न्या आणि एक मॉरिशसकडे. आणि मुलांना विचारा की, ‘सर्व माणसे समान’ हे वाक्य लिहिले पॅरिसमध्ये, पण ते पुरते खरे करायला कोणी भाग पाडले? उत्तर मुलेच देतील. त्या दिवशी घरी गेल्यावर साखरेच्या डब्याकडे ती जरा निराळ्या नजरेने पाहतील, आणि एवढे झाले तरी तो इतिहासाचा तास वाया गेला नाही असे समजा.