जरा हळू, राजा!

फुटपाथवर सायकल चालवायची की नाही? सिंगापूरसारख्या शिस्तीच्या शहरातही या प्रश्नावर गेली कित्येक वर्षं खल चाललाय. आता तर काही फुटपाथवर सायकलला चक्क नो एंट्री! सायकलवाल्यांवर अन्याय? थांबा, आधी गोष्ट तर वाचा.

प्रोजेक्टसाठी सिंगापूरला गेलं की पहिला महिना सगळे पायी चालतात आणि दुसऱ्या महिन्यात सायकल घेतात. मीही घेतली. घरापासून एमआरटी स्टेशन चालत वीस मिनिटं, सायकलवर नियमाने दहा आणि माझ्या स्पीडने सहा! एका सकाळी असाच उशीर झाला होता. फुटपाथवरून सुसाट निघाले, तर बसस्टॉपमागून भाजीची ट्रॉली ओढत एक आजी समोर! कचकन ब्रेक मारला. ट्रॉली आडवी, संत्री फुटपाथभर. आजींना काही लागलं नाही. पण माझा हात धरून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चार मिनिटं वाचवायला निघाले होते मी!

दहा म्हणजे किती?

तिथल्या फुटपाथवर सायकलला ताशी १० किलोमीटरची मर्यादा आहे. आधी ती १५ होती, १ फेब्रुवारी २०१९ पासून १० झाली. वेगळ्या सायकल पाथवर मात्र २५ चालतात. 'दहा म्हणजे काय सायकल आहे का?' असं मलाही वाटायचं. पण हिशेब करा. २५ च्या वेगात सायकल एका सेकंदात सात मीटर पुढे जाते, १० च्या वेगात तीन मीटरही नाही. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतचा तो एक सेकंदच सगळं ठरवतो.

आधी मुभा, मग लगाम

गंमत म्हणजे, पूर्वी तिथे फुटपाथवर सायकल चालवणंच बेकायदा होतं. २००७ मध्ये टॅम्पिनीस या उपनगरात प्रयोग सुरू झाला आणि १ मार्च २०१० पासून तिथे फुटपाथवर सायकलला रीतसर परवानगी मिळाली. पुढे ही मुभा शहरभर झाली. मग आल्या ई-स्कूटर. सप्टेंबर २०१९ मध्ये ई-स्कूटरशी झालेल्या धडकेनंतर सायकलवरच्या एका ६५ वर्षांच्या बाईंचा मृत्यू झाला. लोक भडकले आणि ५ नोव्हेंबर २०१९ पासून ई-स्कूटर फुटपाथवरून हद्दपार झाल्या.

साध्या सायकली वाचल्या. पण १ जुलै २०२५ पासून नवा नियम आला. ज्या फुटपाथला लागूनच सायकल पाथ आहे, तिथला फुटपाथ खुणा करून फक्त चालणाऱ्यांसाठी राखायला सुरुवात झाली. त्यावर सायकल घातली तर २,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही! पण शेजारी सायकल पाथच नसेल तर? तर फुटपाथवर १० च्या वेगात खुशाल चालवा.

खरी मेख इथेच आहे. बंदी आहे, पण जिथे पर्याय दिलाय तिथेच. आधी पाथ, मग बंदी!

आणि आपल्याकडे?

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथला लागून सायकल ट्रॅक आखला. पण त्या ट्रॅकवर लोक बिनधास्त चालतात आणि सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमतो. दोष कुणाचा? फुटपाथवर गाड्या नि टपऱ्या असल्या की माणूस ट्रॅकवर येणारच आणि ट्रॅक तुटक असला की सायकल फुटपाथवर चढणारच. अशा वेळी नुसत्या बंदीची पाटी लावणं सोप्पं, पण सायकलवाल्याने जायचं कुठून, हेही त्या पाटीखाली लिहा की!

तोवर आपल्या हातात काय आहे? ब्रेक! समोर माणूस दिसला की वेग कमी करा, गर्दी असेल तर सरळ उतरून चाला. मी आता घरातून पाच मिनिटं लवकर निघते. त्या आजी अजूनही भेटतात. लांबूनच घंटी ऐकली की हात वर करतात आणि हसतात.