वसुबारसेची स्वारी: कल्याण-भिवंडी, शके 1579

आश्विन वद्य द्वादशी, शके 1579, म्हणजे 24 ऑक्टोबर 1657 रोजी, ऐन वसुबारसेच्या दिवशी, कल्याण आणि भिवंडी ही दोन्ही स्थळे शिवाजीमहाराजांच्या अमलाखाली आली. विजापूरच्या दरबाराने हे निव्वळ पुंडाईचे कृत्य मानले. परंतु ज्या मुलखात ही पुंडाई झाली तो मुलूख त्या वेळी नेमका कोणत्या बादशहाचा होता, याचे उत्तर विजापूरकरांना देखील छातीठोकपणे देता आले नसते.

निजामशाहीचा अस्त होऊन 1636च्या तहान्वये हे उत्तर कोकण आदिलशाहीच्या वाट्यास आले आणि पुढे मुल्ला अहमद या नवाइत अमिराच्या जहागिरीत मोडू लागले. नोव्हेंबर 1656 मध्ये मुहंमद आदिलशहा मृत्यू पावला. त्याच्यामागे गादीवर आलेल्या अली आदिलशहाच्या जन्माविषयीच शंका उपस्थित करून औरंगजेबाने स्वारी केली, बिदर आणि कल्याणी घेतली. आणि विजापूरकरांनी तहात जे देऊ केले त्यात परिंड्याबरोबर हे निजामशाही कोकणही होते. तितक्यात शहाजहान आजारी पडला आणि औरंगजेबाचे लक्ष दिल्लीच्या तख्ताकडे वळले. देणाऱ्याने दिलेला आणि घेणाऱ्याने अद्याप न घेतलेला असा हा प्रांत मधल्यामध्ये लोंबकळत असताना, ज्याला दोघेही बंडखोर म्हणत त्याने तो उचलला. पुढील जानेवारीत माहुलीचा किल्लाही घेतला.

ग्रँट डफने ही घटना 1648च्या सुमारास घालून तिचे श्रेय आबाजी सोनदेवांस दिले. सुभेदाराच्या सुनेची सर्वतोमुखी झालेली कथा याच प्रसंगाला चिकटली आहे. तिला समकालीन कागदांचा आधार नाही. ज्यांना ती हवी त्यांनी ती कथा म्हणून खुशाल सांगावी.

मला त्या कथेहून खाडीचे महत्त्व अधिक वाटते. भिवंडीजवळची कामवारी उल्हासच्या खाडीस मिळते, आणि त्या खाडीचे मुख पोर्तुगीजांच्या वसईजवळ आहे. सागवान हाताशी, बंदर हाताशी, पण समुद्राचा दरवाजा परक्याच्या नजरेखाली, अशा जागी महाराजांनी गलबते बांधावयास घेतली आणि त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगिजास नेमले. ही जहाजे उद्या आपल्यावरच येतील हे गोवेकर फिरंग्यांनी ओळखले, त्याला आतून फितवले आणि तो काम टाकून पळाला.

विजापुराने 1659च्या जूनमध्ये कान्होजी जेध्यांस जे फर्मान धाडले त्यात तक्रारीचा प्रारंभच निजामशाही कोकणातील उपद्रवाने होतो, आणि म्हणून अफजलखानाची नेमणूक केली असून त्याच्या ताबेदारीत हजर व्हावे, असा हुकूम आहे. बंडाचा खरा कस येथे लागला. पिढीजात वतनाची सनद ज्या गादीकडून आली तिच्याविरुद्ध जाणे म्हणजे घरावर नांगर फिरवून घेणे, हे मावळातील प्रत्येक देशमुखास ठाऊक होते. जेध्यांच्या करीन्यानुसार कान्होजी ते फर्मान घेऊन मुलांसह राजगडी आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानास जाऊन मिळाले. शेजारच्या दोन घरांनी एकाच हुकमाला दोन उत्तरे दिली. आणि खोपड्यांना केवळ फितूर म्हणून मोकळे होणे मला न्यायाचे वाटत नाही, कारण त्या वर्षीच्या हिशेबाने कायदा त्यांच्याच बाजूला होता.

कोकणचा निकाल मात्र प्रतापगडावर लागला नाही. मे 1661 मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेने कल्याण घेतले. आणि ज्याच्या जहागिरीसाठी विजापूर इतके संतापले होते तो मुल्ला अहमद 1665 मध्ये, मिर्झाराजे जयसिंगाच्या मोहिमेच्या वेळी, आदिलशहास सोडून सहाहजारी मनसबीवर मोगलांकडे गेला. बादशाही दरबारात रुजू होण्यापूर्वी वाटेतच, अहमदनगरास, तो वारला.