सीडी लिहिताना संगणक का अडखळतो?

२००८ सालच्या डिसेंबरात आम्ही औशाला एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गेलो होतो. प्रदर्शन आटोपून चहा होतो न होतो तोच तेथील विज्ञानाचे सर आम्हांला संगणकाच्या खोलीत घेऊन गेले. "सर, जरा हे बघता का? तसं मशीन चांगलं चालतंय, पण सीडी राइट करायला लावली की पार झोपतंय बघा." त्यांनी कोरी सीडी घातली, आज्ञा दिली आणि माउस हातात घेतला. पडद्यावरचा बाण एकदम टुणकन उडी मारी, मग दोन सेकंद जागच्या जागी थिजे. कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंदसुद्धा गठ्ठ्याने पुढे सरकत होते. चार मिनिटांच्या कामाला सोळा मिनिटे लागली.

एरवी आम्ही "नवा संगणक घ्या" म्हणून सुटलो असतो. पण सीडीवर काय जायचे होते ते ऐकले आणि बसलो. किल्लारी हे गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपातून जी माणसे वाचली त्यांच्यापैकी काहींच्या आठवणी सरांनी सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून टेपवर घेतल्या होत्या. एक तासाच्या सतरा कॅसेटी. त्या संगणकावर उतरवून सीड्या करायच्या होत्या. एका तासाचा आवाज न दाबता साठवला तर सुमारे ६३५ मेगाबाइट होतो, म्हणजे एका कॅसेटला एक सीडी.

आता दुखणे. संगणक मंदावला की आपण सगळेच ठरावीक संशयितांना पकडतो: व्हायरस, अपुरी रॅम, भरलेली हार्ड डिस्क. सरांनी हे सगळे करून पाहिले होते. रॅम दुप्पट केली, फरक नाही. व्हायरस शोधणारा कार्यक्रम रात्रभर चालवला, काही सापडले नाही. चालू कार्यक्रमांची यादी उघडून पाहिली तर प्रोसेसरचा वेळ खाणारा एकही कार्यक्रम तिच्यात दिसेना. मग लातूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे संगणक गेला. त्याने हार्ड डिस्क फॉरमॅट करून विंडोज एक्स्पी नव्याने बसवली, आणि संगणक अगदी सुतासारखा चालू लागला! महिन्याभराने पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा महिनाभर सुख. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये संगणकावर उतरवलेल्या तीन कॅसेटी पुसल्या गेल्या. त्यांतल्या दोन मूळ कॅसेटींवर तोवर स्नेहसंमेलनाची गाणी भरून झाली होती. त्या दोन कायमच्या गेल्या.

हा अनुभव कटू खरा, पण निदानाच्या दृष्टीने त्यात मोठा सुगावा आहे. फॉरमॅटने दोष जातो, म्हणजे तो यंत्राच्या भागांत नाही, कोठेतरी लिहून ठेवलेल्या माहितीत आहे. आणि तो महिन्याभराने परत येतो, म्हणजे वापरात असे काहीतरी घडते की ज्यामुळे ती माहिती पुन्हा तशीच लिहिली जाते. उतार पडतो आणि ताप परत येतो, तेव्हा डॉक्टर तापाच्या गोळ्या बदलण्याऐवजी मलेरिया शोधतो. तसेच हे.

दोष कोठे होता ते कळण्यासाठी सीडी लिहिताना काय चालते ते पाहू. सीडीवरची माहिती एकाच सर्पिल रेषेत असते. ही रेषा आतून सुरू होऊन बाहेर जाते आणि तिच्या शेजारशेजारच्या वेढ्यांत अंतर असते १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सहाशेवा भाग. रेषेची लांबी किती, हे गणित आठवी-नववीच्या मुलांना जरूर घालावे. माहितीचा पट्टा केंद्रापासून २५ मिलिमीटरवर सुरू होऊन ५८ मिलिमीटरवर संपतो. या कंकणाचे क्षेत्रफळ काढा आणि त्याला १.६ मायक्रोमीटरने भागा. उत्तर येते सुमारे ५.४ किलोमीटर. कोऱ्या सीडीवर रंगद्रव्याचा एक थर असतो. ७८० नॅनोमीटरचा लेसर झोत त्याला जागोजाग तापवतो, तेथे त्याचे प्रकाश परावर्तित करण्याचे गुण बदलतात आणि खुणा उमटतात. १९८२ मध्ये बाजारात आलेली मूळ सीडी कारखान्यातच ठसा मारून होत असे. घरी लिहिता येणाऱ्या सीडीचे मानक १९९० मध्ये ठरले.

गाणी वाजवणारा यंत्रसंच दर सेकंदाला ७५ खंड वाचतो. संगणकाच्या सीडीत एका खंडात २०४८ बाइट असतात, म्हणजे सेकंदाला १,५३,६०० बाइट. हा "एक पट" वेग. लिहिणाऱ्या यंत्रावर १६ एक्स, ४८ एक्स असे लिहिलेले असते ते याच्या पटीत. १६ पट वेगाला सेकंदाला साधारण २४ लाख ५८ हजार बाइट लागतात आणि लेसरखालून सर्पिल रेषा ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने सरकते. मोकळ्या रस्त्यावरची एसटी समजा.

आता या धावत्या रेषेवर लिहिणाऱ्याला मजकूर सतत मिळायला हवा. मध्येच तुटला तर लेसरने काय लिहावे? म्हणून यंत्रात मजकुराची एक लहान टाकी असते, तिला बफर म्हणतात. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत ती २ मेगाबाइटची असे. १६ पट वेगाला ती सेकंदाच्या आतच रिकामी होते. लातूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. टाकी केवढी आहे यापेक्षा टँकर वेळेवर येतो की नाही याला महत्त्व, हे २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे येईपर्यंत त्यांनी चांगले अनुभवले आहे. पूर्वी बफर रिकामा झाला की सीडी वाया जाई. २००० साली सान्यो कंपनीने टाकी रिकामी होताच लेखन थांबवायचे आणि पुन्हा नेमक्या त्याच जागेपासून सुरू करायचे असे तंत्र आणले, पुढे इतरांनीही ते उचलले. औशाच्या यंत्रात ते होते. म्हणून सीडी फुकट जात नव्हती, पण यंत्र थांबत-थांबत लिहीत होते. सोळा मिनिटांचा काही भाग त्यात गेला.

(वाया गेलेल्या सीड्या टाकू नयेत. १.६ मायक्रोमीटर अंतरावरच्या रेषा म्हणजे उत्तम विवर्तन जाळी. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसर पॉइंटरचा झोत सरळ टाकला तर पहिला ठिपका सुमारे २४ अंशांवर मिळतो. कोन मोजून मुलांना वेढ्यांतले अंतर स्वतः काढता येते. मात्र झोत कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही असा पडदा मांडावा.)

पण टँकर उशिरा का येत होता? येथे दोन पद्धतींतला फरक पाहावा लागतो. शाळेत नवी पाठ्यपुस्तके आली आहेत. मुख्याध्यापक स्वतः भांडारात उभे राहून एकेक पुस्तक उचलतात, वर्गात नेऊन देतात, परत येतात. दिवसभर शाळेचे दुसरे काही काम होत नाही, कार्यालयात पालक ताटकळत बसतात. दुसरी पद्धत अशी: मुख्याध्यापक शिपायाला सांगतात, "या खोलीतली दोनशे पुस्तके सातवी ब मध्ये पोचवा आणि संपलं की मला सांगा," आणि आपल्या कामाला लागतात.

संगणकात प्रोसेसर हा मुख्याध्यापक. पहिल्या पद्धतीला पीआयओ म्हणतात. तिच्यात सीडीयंत्राकडे जाणारी दर दोन बाइटांची जोडी प्रोसेसर स्वतः वाहून नेतो. दुसरी पद्धत डीएमए. तिच्यात प्रोसेसर फक्त कोठून, कोठे आणि किती एवढे सांगतो. वाहतूक दुसरे मंडल करते आणि संपल्यावर प्रोसेसरला खूण करते.

पीआयओच्या सर्वांत जलद पायरीला दोन बाइट न्यायला १२० नॅनोसेकंद लागतात, सर्वांत मंद पायरीला ६००. १२० नॅनोसेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण २.४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात २८८ ठोके पडतात, आणि ते सगळे तो नुसता उभा राहून घालवतो. पूर्ण सीडीत दोन-दोन बाइटांच्या सुमारे ३७ कोटी जोड्या असतात. मंद पायरीला त्यांच्या वाहतुकीत प्रोसेसरची तीन मिनिटे चाळीस सेकंद जातात, तीही पाच मिनिटांच्या लेखनातली. जलद पायरीला ४४ सेकंद जातात, पण हे कागदावरचे. यंत्र तयार आहे का हे पुन्हा पुन्हा विचारण्यातला वेळ त्यात धरलेला नाही. डीव्हीडीची गत याहून वाईट. तिचा एक पट वेगच सेकंदाला साधारण १३ लाख ८५ हजार बाइट. आठ पट वेगाला पीआयओची जलद पायरीसुद्धा प्रोसेसरचा दोन-तृतीयांश वेळ घेते, आणि सोळा पट वेग तर तिच्या आवाक्याबाहेरच आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. प्रोसेसर बदलून अधिक वेगाचा घातला तरी उपयोग नाही, कारण तो वाट पाहतो ती केबलची. मोटार फेरारी असली तरी रेल्वे फाटकात बैलगाडीइतकीच थांबते. चालू कार्यक्रमांच्या यादीत दोषी का सापडत नव्हता तेही कळते. वाहतूक कोणत्याही कार्यक्रमाच्या नावावर होत नाही, ती विंडोजच्या पोटात होते.

आम्ही डिव्हाइस मॅनेजर उघडला, आयडीई कंट्रोलरच्या खाली सेकंडरी चॅनलच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जच्या पानावर निवड होती "डीएमए इफ अव्हेलेबल". म्हणजे सगळे ठीक? नाही. त्याच्या खालची ओळ होती "करंट ट्रान्स्फर मोड", आणि तिच्यापुढे लिहिले होते "पीआयओ मोड". वरची ओळ ही इच्छा, खालची ही वस्तुस्थिती. सरांनी हे पान पूर्वी पाहिले होते, पण वरची ओळ वाचून ते परतले होते. आम्हीही पहिल्यांदा तेच केले असते.

विंडोज एक्स्पीची रीत अशी. वाहतुकीत चूक आढळली, किंवा यंत्राने वेळेत उत्तर दिले नाही, तर ती त्याची नोंद करते. अशा एकूण सहा नोंदी झाल्या की वेग एक पायरी उतरवते. चुका चालूच राहिल्या तर उतरत उतरत शेवटी पीआयओवर येते. हेतू चांगला आहे: केबल खराब असेल तर हळू का होईना, काम चालावे. खोट अशी की या सहा नोंदी सलग असाव्यात असे बंधन नव्हते. आज दोन, पुढच्या आठवड्यात तीन, महिनाअखेरीस एक, तरी शिक्षा होई. आणि एकदा उतरवलेला वेग आपोआप वर चढत नसे. एका मुलाच्या वर्षभरातल्या सहा उशिरांची बेरीज करून त्याला कायमचे वर्गाबाहेर उभे करावे, तसा हा न्याय.

मग उशीर कोण करत होते? विचारले तेव्हा कळले, की मधल्या सुट्टीत मुले आणि क्वचित शिक्षकही याच यंत्रात लग्नाच्या आणि सिनेमाच्या जुन्या, ओरखडलेल्या सीड्या घालून पाहत. ओरखड्यावर यंत्र पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तेवढ्यात विंडोजचा धीर सुटतो आणि वहीत एक नोंद पडते. फॉरमॅट केल्यावर वही कोरी होत होती, म्हणून महिनाभराचे सुख.

उपाय पाच मिनिटांचा होता. डिव्हाइस मॅनेजरमधून तो सेकंडरी चॅनल अनइन्स्टॉल करायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. विंडोज चॅनल नव्याने शोधते, जुन्या नोंदी विसरते आणि वरच्या पायरीपासून सुरुवात करते. एकही फाइल पुसली जात नाही. पुन्हा पान उघडले तर "अल्ट्रा डीएमए मोड २" दिसले. लेखनाच्या कार्यक्रमात लेसर मंद ठेवून नुसती रंगीत तालीम करण्याची सोय असते. तिने आधी पडताळले, म्हणजे सीडी खर्ची पडली नाही. बाण सरळ चालला. मग १६ पट वेगाने खरी सीडी लिहिली, साडेपाच मिनिटे लागली. यंत्राची सपाट केबल एका ठिकाणी दुमडलेली होती, तीही बदलली. जुन्या सीड्या पाहण्यासाठी दुसऱ्या संगणकाकडे बोट दाखवणारी चिठ्ठी सरांनी यंत्रावर डकवली.

आजच्या संगणकांत या केबलची जागा साटाने घेतली आहे आणि पीआयओवर उतरण्याचा हा प्रकार सहसा भेटत नाही. आता बाहेरून जोडायच्या लेखनयंत्राला अडथळा आला तर आधी यूएसबी हब काढून ते थेट संगणकाला जोडावे आणि लेखन चालू असताना व्हायरस तपासणी सुरू नाही ना ते पाहावे. मात्र ज्या शाळांच्या कपाटात एक्स्पीचे जुने संगणक आहेत त्यांनी जुन्या सीड्या वाचण्यासाठी ते जपून ठेवावेत. सुरक्षेच्या सुधारणा २०१४ च्या एप्रिलातच थांबल्या असल्याने ते इंटरनेटला तेवढे जोडू नयेत.

औशाच्या पंधरा कॅसेटींच्या पंधरा सीड्या झाल्या. प्रत्येकीच्या दोन प्रती काढून, मूळ फाइलशी ताडून, त्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या. गेल्या वर्षी सरांनी त्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या. एका सीडीची बाहेरची कड वाचता येत नव्हती. सर्पिल रेषा आतून बाहेर जाते, तेव्हा गेली ती शेवटची चार मिनिटे. ती दुसऱ्या कपाटातल्या प्रतीतून मिळाली.