मुंबईहून कोलकाता किती लांब?
अंतर आणि वेळ : भाग ६

मुंबईहून कोलकाता किती लांब, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, जाणार कशानं? सरळ रेषेत मोजलं तर सुमारे १,६५० किलोमीटर. नागपूरमार्गे रेल्वेनं १,९६८. जबलपूर-प्रयागराजच्या जुन्या वाटेनं त्याहून आणखी दोनेकशे. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. मला मात्र मधल्या आकड्याचं फार अप्रूप वाटतं, कारण तो मिळवायला तीस वर्षं लागली.

या दोन शहरांचे रूळ पहिल्यांदा जुळले ते जबलपूरला, मार्च १८७० मध्ये. मुंबईकडून ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ आली, कोलकात्याकडून ‘ईस्ट इंडियन’. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी घडते १८७२ मध्ये. तिच्या नायकाला वाटेत रूळ संपलेले आढळतात आणि अलाहाबाद गाठायला हत्ती विकत घ्यावा लागतो. हत्तीमुळे गोष्ट रंगली खरी, पण तोवर गाड्या दोन वर्षं सलग धावत होत्या.

जुळलेली ही वाट आडवळणाची होती. नकाशावर पाहा: मुंबई १९ अक्षांशावर, कोलकाता साडेबावीसवर आणि मधलं प्रयागराज पंचविसाच्याही वर. म्हणजे पूर्वेला जायचं तर आधी उत्तरेला गंगेपर्यंत चढायचं. भुसावळहून सरळ पूर्वेला निघालेले रूळ नागपूरला १८६७ मध्येच पोचले होते, पण पुढे छत्तीसगड आणि छोटा नागपूरचे डोंगर-जंगल. ते ओलांडायला १८८७ मध्ये ‘बंगाल नागपूर रेल्वे’ उभी राहिली. १९०० मध्ये कोलाघाटला रूपनारायण नदीवर पूल झाला, तेव्हा कुठे ही वाट हावड्याला थेट भिडली. या वाटेमुळे नागपूर शेवटचं ठाणं न राहता मधलं जंक्शन झालं. विदर्भाच्या इतिहासात या घटनेला याहून मोठी जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता वेळ. विमानाला अडीच तासांच्या आसपास लागतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे जाताना वेळ वाचतो आणि येताना जास्त लागतो. रेल्वेनं गीतांजली एक्स्प्रेसला तीस-एकतीस तास लागतात. ही गाडी डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झाली, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना. तिला पहिला वर्गच नव्हता; सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. लांबच्या प्रवासात साध्या माणसाची पाठ अवघडू नये म्हणून दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणण्याचं श्रेयही दंडवत्यांचंच. तीस तास फळीवर काढणं आणि गादीवर काढणं, यांतला फरक घड्याळ दाखवत नाही.

तीस तासांत १,९६८ किलोमीटर म्हणजे ताशी पासष्टच्या आसपास. एवढाच वेग का? वाटेतले थांबे आहेत, मालगाड्यांची गर्दी आहे आणि अगदी सुरुवातीलाच कसारा घाट आहे. तिथला चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणून कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला ती सुटतात. विमानाच्या हिशेबात हा घाट नसतोच.

एक फरक मात्र विमानालाही चुकत नाही. कोलकाता मुंबईच्या साडेपंधरा रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं तासभर पुढे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी कोलकात्यानं स्वतःची वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईनं आपली १९५५ पर्यंत सोडली नाही. दोन्ही वेळा चालू होत्या तोवर इकडून तिकडे गेलेल्याला घड्याळ तासभर पुढे करावं लागे. आता काटे हलवावे लागत नाहीत. पण डिसेंबरात दुपारी हावड्याला उतरा, पूल ओलांडून चहा प्या; पाच वाजायच्या सुमारास सूर्य हुगळीपलीकडे बुडालेला असतो आणि त्या वेळी मुंबईत अजून ऊन असतं.